फ्रेंच किनाऱ्यावरचं पिठलं

चित्रलेखाने डूख धरला तो एप्रिलमधल्या एका रविवारी, आणि तो तिने सात महिने नीट पाळला. रोज पाणी घातलं, ऊन दाखवलं. मेलबर्नच्या लॉकडाऊनमध्ये माणसं ब्रेड भाजायला शिकली, गिटार शिकली, योगा शिकली. हिने एवढंच केलं. बरं, तिला जाऊन सांगणार कोण की बाई, झालं गेलं सोडून दे? प्रल्हादने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, एकदा सांगून पाहिलं. पुढचे दोन दिवस त्याच्या डब्यात नुसती चटणी-पोळी होती.

बाई तशी वाईट नव्हे हो. इस्लामपूरची पोर. दोन हजार आठ साली स्टुडंट व्हिसावर आली ती कुकरीचा कोर्स करायला. त्या काळी आपली निम्मी पोरं पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळेल म्हणून कुकरी नाहीतर हेअरड्रेसिंग शिकत होती, आणि त्यातल्या बहुतेकांना धड अंडंही उकडता येत नव्हतं. हिला येत होतं. सिटीतल्या एका फ्रेंच रेस्टॉरंटमध्ये आधी भांडी घासली, मग कांदे चिरले, मग सहा वर्षं सॉसच्या पातेल्यापाशी उभी राहिली. आता वेरिबीतल्या एका वृद्धाश्रमाचं अख्खं किचन ती सांभाळते. प्रल्हाद वेअरहाऊसमध्ये सुपरवायझर, अकरा वर्षांची चिन्मयी, आणि टार्निटला चार बेडरूमचं घर. म्हणजे सगळं छान चाललेलं.

मैत्रिणी दोन. पॉइंट कुकची मयूरा आणि तिच्याच पलीकडच्या गल्लीतली सुखदा. दोघी आयटीतल्या, नवरेही आयटीतले. मंडळाच्या गणपतीत ओळख झाली ती पक्की बसली. मयूरा म्हणजे ग्रुपची पुढारी. कुठे जायचं, कोणी काय आणायचं, कोणी काय घालायचं, सगळं बाईसाहेब ठरवणार. आणि चित्रलेखा म्हणजे ग्रुपचा स्वयंपाक. पन्नास माणसांची पुरणपोळी असो की कोणाच्या पोराचा वाढदिवस, "चित्रा आहे ना" म्हटलं की मिटलं.

आणि एक काम असं होतं, जे कुणी तिला सांगत नव्हतं, तरी ती करायची. कुणाचं माणूस गेलं की पिठलं-भात न्यायचा. आपल्याकडे ज्या घरी मयत होतं त्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे, सोयरे नेतात. पिठलं आणि भात, बस. कांदा नाही, कोथिंबीर नाही, पापड-लोणचं नाही, आणि गोड तर नाहीच नाही. इथे परदेशात मयत तिकडे आणि सुतक इकडे. पण चूल ती चूलच. मयूराच्या सासूबाई नाशकात गेल्या तेव्हा चित्रलेखा सकाळची शिफ्ट टाकून, पातेलं टॉवेलमध्ये गुंडाळून, टार्निटहून पॉइंट कुकला गेली होती. मयूराच्या नवऱ्याने, यतिनने, त्या दिवशी पहिला घास घेतला आणि तो ढसाढसा रडला. सुखदाचे वडील गेले तेव्हाही पातेलं हिचंच. मोजली तर पाच घरं झाली. पण जी सगळ्यांच्या घरी नेते, तिच्या घरी कोण नेणार, हा विचार कुणाच्या डोक्यात आला नव्हता. तिच्याही नाही.

आता फ्रान्सचं सांगते. दोन हजार वीसच्या जूनमध्ये तिन्ही कुटुंबं फ्रान्सच्या किनाऱ्यावर जाणार होती. वर्षभर आधी ग्रुप काढला होता, ‘फ्रान्स २०२०’. कुठे काय खायचं ते चित्रलेखाने लिहून ठेवलं होतं. मग कोव्हिड आला आणि सीमा बंद. वीस साल घरात गेलं. एकवीसच्या मार्चमध्ये मेलबर्न मोकळं झालं होतं, हॉटेलं भरत होती, तेव्हा मयूराने फर्मान काढलं: फ्रान्स नाही तर नाही, फ्रान्स आपण इथेच करू. रोझबडच्या पुढे समुद्रावर एक फ्रेंच माणूस छोटं रेस्टॉरंट चालवतो. एप्रिलअखेर अँझॅक डेच्या वीकेंडला तिथे जायचं, जवळ घर भाड्याने घ्यायचं, आणि शुक्रवारपासून रविवारपर्यंत नुसतं खायचं. टेबल सहा आठवडे आधी धरलं. मेनू बघून काय मागवायचं तेही चित्रलेखानेच ठरवून दिलं.

आणि नेमकं जायच्या आठवड्यात पुण्यात तिचा धाकटा भाऊ श्रीनिवास आजारी पडला.

त्या एप्रिलमध्ये पुण्यात काय चाललं होतं ते मी सांगायला नको. बेडसाठी, ऑक्सिजनसाठी फोन. चित्रलेखा पहाटे चारपासून फोनवर. विमानं बंद होत चालली होती, इथून बाहेर पडायला सरकारची परवानगी लागत होती, आणि परवानगीचा अर्ज भरेपर्यंत श्रीनिवास थांबला नाही. शुक्रवारी तेवीस तारखेला पहाटे गेला. वय छत्तीस. त्याच्या बायकोच्या हातात देह नाही, फक्त मृत्यूचा कागद आला. अंत्यसंस्कार चित्रलेखाने फोनच्या स्क्रीनवर पाहिले, तेही अर्धे, मग नेटवर्क गेलं.

सकाळी सव्वानऊला, बातमी कळल्या कळल्या, तिने मयूराला फोन केला होता. "श्रीनू गेला गं. आम्ही येत नाही. ग्रुपवर तू सांग, मला जमणार नाही." आपल्यात ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याने स्वतः निरोप फिरवायचा नसतो, दुसऱ्या कुणीतरी फिरवायचा. मयूरा रडली, "अगं बाई गं," म्हणाली, "मी सांगते, तू काळजी करू नकोस," म्हणाली.

मग चित्रलेखाने गॅस बंद ठेवला आणि वाट बघत बसली. आता याला तुम्ही वेडेपणा म्हणा. टार्निटच्या घरात, उबरवर बोट ठेवलं की वीस मिनिटांत जेवण दारात, आणि ही बाई पातेल्याची वाट बघतेय. पण मागायचं नसतं ना. ते आपसूक यावं लागतं. दुपार झाली, संध्याकाळ झाली. प्रत्येक गाडीच्या आवाजाला ती खिडकीशी. चिन्मयी म्हणाली, "आई, व्हाय काँट वी जस्ट ऑर्डर पिझ्झा?" चित्रलेखा म्हणाली, "कुणीतरी येईल बाळा." पोरीला दूध-केळं दिलं. शनिवार गेला. कुणी आलं नाही. फोनसुद्धा नाही. रविवारी दुपारी प्रल्हादने टोस्टर म्हणजे चूल नव्हे असं ठरवलं आणि तिघांनी ब्रेड-बटर खाल्लं.

त्याच वेळी तिने फोन हातात घेतला आणि ग्रुप उघडला. ग्रुपवर फोटो. बर्फावर मांडलेली कालवं. शिंपल्यांचं काळं पातेलं. ग्लास उंचावलेली मयूरा, मागे समुद्र. खाली सुखदाने लिहिलेलं: ‘मिसिंग चित्रा, तिला शिफ्ट आहे.’

शिफ्ट.

सोमवारी सुखदाचा फोन आला. बिचारी रडत होती. "आम्हाला काल कळलं गं. मयूरा म्हणाली, तुला ऐन वेळी शिफ्ट लागली. मग परत येताना गाडीत म्हणाली की असं असं झालंय, पण वीकेंड खराब होईल म्हणून सांगितलं नाही." बुधवारी मयूराकडून फुलं आली. ऑनलाइन मागवलेली, पांढरी, सोबत इंग्रजीत छापलेलं कार्ड. चित्रलेखाने ती फुलं प्लास्टिकसकट झाडपाल्याच्या हिरव्या बिनमध्ये टाकली, मग प्लास्टिक वेगळं काढून लाल बिनमध्ये टाकलं. राग आला म्हणून काय झालं, कौन्सिलचा नियम तो नियम.

तेव्हापासून तिला एकच गोष्ट हवी होती. मयूराने सगळ्यांसमोर, स्वतःच्या तोंडाने म्हणावं: शिफ्ट नव्हती. हिचा भाऊ गेला होता, आणि मला माहीत होतं. बस. माफी नको, मिठी नको, फुलं तर नकोतच. श्रीनूच्या मरणाला या बाईने शिफ्ट म्हटलं होतं, आणि तो शब्द तिला मयूराच्या घशातून परत काढून घ्यायचा होता.

पण कसा? मे संपता संपता पुन्हा लॉकडाऊन. मग जुलैत. मग ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत. पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही, रात्री कर्फ्यू. टार्निट ते पॉइंट कुक काही पाच किलोमीटरमध्ये बसत नाही, त्यामुळे भेट नाही, भांडण नाही. आणि मयूरा? जणू काही घडलंच नाही. ग्रुपवर जोक, झूमवर हाउझी. चित्रलेखाही हसायची, अंगठे पाठवायची. पोटात एक, ओठात एक. वृद्धाश्रमात मास्क, फेसशील्ड, गाऊन घालून म्हाताऱ्यांचे बटाटे कुस्करताना ती मनात मयूराशी बोलायची. एकदा इतकी जोरात बोलली की नव्वद वर्षांच्या एका आजींनी विचारलं, "कोणावर रागावलीस, लव?" ती म्हणाली, "नो वरीज," आणि बटाटे जरा जास्तच कुस्करले गेले.

नोव्हेंबरात सगळं उघडलं. मयूराच्या लग्नाला पंधरा वर्षं होत होती. लगेच फोन. "चित्रा, फ्रान्स पार्ट टू. तेच घर, तेच रेस्टॉरंट. शनिवारी लंच तिकडे. पण रविवारचं लंच घरी करू या, अॅनिव्हर्सरीचं. बाबा येतायत ना नाशिकहून, आई-वडिलांना येऊ देतायत आता. त्यांना शिंपले दिसले तरी कसंतरी होतं. तू करशील ना काहीतरी फ्रेंच, व्हेज? तुझ्याशिवाय कोण करणार?"

चित्रलेखा म्हणाली, "करीन की."

फोन ठेवला आणि तिला पहिल्यांदा भूक लागल्यासारखं वाटलं. शुक्रवारी बाजारात तिने चीज घेतलं, क्रीम घेतलं, ताजे मशरूम घेतले. आणि इंडियन दुकानातून एक किलो बेसन आणि आंबेमोहोर तांदूळ. प्रल्हादने पिशवी उचलताना बेसन पाहिलं. तो काही बोळ्याने दूध पिणारा नाही. म्हणाला, "चित्रा, असं करू नये. लग्नाचा वाढदिवस आहे त्यांचा. अपशकुन होतो."

"अपशकुन माझ्या घरात होऊन गेला," ती म्हणाली. "तेव्हा कोणी शकुन बघितला होता?"

"त्यांचे वडील आहेत तिथे. म्हातारा माणूस."

तिने बेसन पिशवीच्या तळाशी सरकवलं. खोटं कशाला बोला, तिलाही तो एक काटा टोचत होता. म्हाताऱ्याचा काय दोष? म्हणून तर तिने दोन्ही पिशव्या घेतल्या होत्या. काय शिजवायचं ते तिथे गेल्यावर बघू, असं ठरवलं.

शनिवारी दुपारी सगळे त्या रेस्टॉरंटमध्ये. दारात लशीचं सर्टिफिकेट दाखवा, क्यूआर स्कॅन करा, मग आत. पांढरे टेबलक्लॉथ, खिडकीतून समुद्र, आणि तो फ्रेंच माणूस स्वतः येऊन मयूराला ओळख दाखवून गेला. मयूराचे वडील नरेंद्रकाका ब्रेड आणि सूप खात होते. शांत माणूस, शाळेत मुख्याध्यापक होते. कालवं आली. चित्रलेखाने सहा खाल्ली, मग आणखी सहा मागवली. ज्या कालवांपायी तिच्या भावाच्या मरणाची बातमी लांबणीवर पडली, ती चाखायला नकोत? चांगली होती. मेल्या कालवांचा काही दोष नव्हता.

काका तिला म्हणाले, "तुमचा हा दरवर्षीचा कार्यक्रम दिसतो."

ती उत्तर देणार एवढ्यात मयूराच बोलली, लिंबू पिळता पिळता. "मागच्या वेळी चित्रा नव्हती ना बाबा. तिला काम होतं."

सुखदाने मान खाली घातली. तिचा नवरा सारंग ग्लासातला बर्फ बघायला लागला. यतिनने खिडकीबाहेर पाहिलं. सगळ्यांना माहीत होतं. मयूराला तर आपण काय बोललो याचं भानही नव्हतं. तिने चित्रलेखाच्या प्लेटमध्ये लिंबाची फोड ठेवली, मायेने.

ती फोड बघून चित्रलेखाचं ठरलं. काटा म्हणा, दया म्हणा, सगळं तिथेच टेबलक्लॉथवर राहिलं.

रविवारी सकाळी तिने सगळ्यांना किनाऱ्यावर पिटाळलं. "फ्रेंच स्वयंपाकात कुणी मध्ये आलेलं चालत नाही," म्हणाली. प्रल्हाद किचनच्या दारात जरा वेळ उभा राहिला, मग चिन्मयीला घेऊन तोही गेला. मशरूम फ्रिजमध्ये राहिले. तिने भात लावला. बेसन कालवलं, नुसती मोहरी-जिऱ्याची फोडणी, हळद, मीठ.  सहा वर्षं सॉसच्या पातेल्यापाशी उभी राहिलेली बाई ती, एक गुठळी नाही.

एक वाजता सगळे आले. मयूराने टेबल सजवलं होतं: फुलं, मेणबत्त्या, उंच ग्लास, मेनू लिहायला एक छोटी पाटीसुद्धा. ती स्वतः पैठणीच्या काठांचा ड्रेस घालून बसली. चित्रलेखाने मोठ्या पांढऱ्या प्लेट्स आणल्या आणि एकेकापुढे ठेवल्या. मधोमध भाताची मूद, वर पिवळं पिठलं. बाकी प्लेट रिकामी. मग ती स्वतः बसली नाही, टेबलाच्या टोकाला उभी राहिली.

आधी कुणाला कळलंच नाही. सारंग म्हणाला, "वा, फ्यूजन." मग यतिनने प्लेटकडे नीट पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्याने ते पिठलं ओळखलं. मयूराने ओळखलं की नाही देव जाणे, पण तिने हसून म्हटलं, "काय गं, आणि गोड?"

"याच्यासोबत गोड नसतं," चित्रलेखा म्हणाली.

नरेंद्रकाकांनी चमचा खाली ठेवला. गावाकडच्या माणसाला दोनदा सांगावं लागत नाही. त्यांनी प्लेट पाहिली, उभ्या असलेल्या चित्रलेखाला पाहिलं. "कोण गेलं पोरी?"

सात महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं. फुलं आली होती, इंग्रजी कार्ड आलं होतं, पण हा प्रश्न आला नव्हता. तिचा आवाज मात्र ठाम निघाला. "श्रीनिवास. माझा धाकटा भाऊ. पुण्यात, तेवीस एप्रिलला."

"बाबा," मयूरा म्हणाली, "चित्रा, अगं आज कशाला..."

"एप्रिलमध्ये," काका म्हणाले.  "आमच्या सोसायटीत त्या महिन्यात चार माणसं गेली. कुणी कुणाच्या घरात पाऊल टाकत नव्हतं. दाराबाहेर डबा ठेवायचे, बेल वाजवायचे आणि पळायचे. पण ठेवायचे." मग ते लेकीकडे वळले, अगदी साध्या आवाजात, शाळेत हजेरी घेतात तसे. "मयू, तू काय घेऊन गेली होतीस हिच्याकडे?"

बाई, सात महिने चित्रलेखाने रात्रंदिवस शब्द घासून ठेवले होते. टोमणे होते, शिव्या होत्या, एक तर अख्खं भाषण होतं. त्यातलं काही लागलं नाही.

मयूरा म्हणाली, "फुलं पाठवली होती."

"फुलांचं मी ऐकलं. तू गेली होतीस का?"

"आम्ही इथे होतो बाबा."

"इथे कुठे?"

"इथेच. या घरात. त्या रेस्टॉरंटला आलो होतो."

"म्हणजे कळलं नव्हतं तुम्हाला."

 सुखदा रडत होती, आवाज न करता. यतिन बायकोकडे बघत होता, आणि त्या बघण्यात मदत नव्हती. मयूराने एकदा चित्रलेखाकडे पाहिलं, सोडव म्हणून. चित्रलेखाने पापणीही हलवली नाही.

"कळलं होतं," मयूरा म्हणाली. "शुक्रवारीच कळलं होतं. मला सकाळी तिचा फोन आला होता. मी कुणाला सांगितलं नाही."

"काल तर तू म्हणालीस, हिला काम होतं."

"काम नव्हतं." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "शिफ्ट नव्हती. तिचा भाऊ गेला होता. मला माहीत होतं."

झालं. अगदी त्याच शब्दांत आलं. चित्रलेखाला वाटलं होतं, हे ऐकलं की आपल्याला रडू येईल, नाहीतर वाईट तरी वाटेल. छे. खोटं कशाला सांगू, तिला बरं वाटलं. तापात कुणी कपाळावर थंड पट्टी ठेवावी तसं बरं वाटलं.

काका म्हणाले, "ऊठ. वाढ तिला."

"बाबा..."

"तेव्हा वाढायचं होतंस. आज वाढ."

प्रल्हादने उठून आपली खुर्ची बायकोसाठी सरकवली आणि एक रिकामी प्लेट पुढे ठेवली. ती बसली. पैठणीचे काठ सावरत मयूरा किचनमध्ये गेली आणि दोन्ही पातेली घेऊन आली. भात वाढताना तिच्या डोळ्यांतलं पाणी नाकावरून हनुवटीपर्यंत आलं, पण पुसायला हात मोकळा नव्हता. पिठलं जरासं टेबलक्लॉथवर सांडलं.  आपल्यात अशा जेवणाला आग्रह करत नाहीत.

चित्रलेखाने भात कालवला. पहिला घास श्रीनूच्या नावाने बाजूला काढला आणि मग खायला सुरुवात केली. भूक सात महिन्यांची होती. तिने सगळी प्लेट संपवली, बोटांनी पुसून. मयूरा पातेलं धरून शेजारी उभीच होती, जावं की थांबावं ते कळत नव्हतं तिला.

"मयूरा," ती म्हणाली.

"हं?"

"अजून वाढ."